रशियाचं मालवाहू यान कधी ३ तासांत पोचतं, कधी २ दिवसांत, असं का? आणि शेवटी जाळून का टाकतात?

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. इथे इंदूरला सुट्ट्यांमध्ये मराठी मुलांचा छोटा वर्ग घेते, सध्या अंतराळ स्थानक चाललंय, शुभांशु शुक्ला जाऊन आल्यापासून मुलांना फार उत्साह आहे. ते प्रोग्रेस यान, आत माणूस नसतो, फक्त सामान, ते रॉकेटने ९ मिनिटांत कक्षेत जातं ना, मग पुढे कधी साडेतीन तास आणि कधी दोन दिवस का लागतात? दुसरं म्हणजे इंदूरची मुलं, त्यामुळे लगेच विचारलं की वरचा कचरा कुठे जातो. त्याच यानात भरून जाळतात म्हटलं तर एक मुलगी रुसलीच, एवढं चांगलं यान जाळायचं कशाला, परत आणा ना. तिला पटेल असं काहीतरी सांगा प्लीज.

कक्षाप्रेमी
ताई, ९ मिनिटांत ते कक्षेत पोचतं, स्टेशनपाशी नाही. कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून सुटलं की सुरुवातीला साधारण २०० किमीवर असतं आणि स्टेशन ४०० किमीच्या आसपास. खालच्या कक्षेत वेग जास्त आणि फेरी छोटी, त्यामुळे दर फेरीला ते स्टेशनच्या जवळ जवळ जात राहतं आणि मधेमधे इंजिन चालवून वर चढतं. आता सुटताना स्टेशन नेमकं किती पुढे आहे त्यावर सगळं गणित. जागा बरोबर जुळली तर दोनच फेऱ्यांत काम होतं, जुलै २०१८ मध्ये प्रोग्रेस एमएस-०९ असंच ३ तास ४० मिनिटांत जोडलं गेलं. नाही जुळली तर दोन दिवस फिरत फिरत गाठायचं. शुक्ला वर असतानाच एक प्रोग्रेस आलं होतं, ३ जुलै २०२५ ला सुटलं आणि ५ तारखेला जोडलं गेलं, म्हणजे दोन दिवसवालं, हे मुलांना नक्की सांगा. शेवटचं जोडणं कुर्स नावाची रेडिओ यंत्रणा आपोआप करते, अंतर, वेग, कोन सगळं सतत मोजत. आतले लोक लक्ष ठेवून असतात, काही बिघडलं तर तोरू नावाच्या सिस्टीमने स्टेशनमधूनच ते यान चालवता येतं.

स्नेहलतागंज_७१
त्या मुलीला म्हणावं प्रश्न एकदम बरोबर आहे. पण परत आणायचं तर उष्णतेपासून वाचवणारं कवच हवं, पॅराशूट हवं, आणि ते वजन सामानातूनच कापलं जाणार. प्रोग्रेस हे माणसं नेणाऱ्या रशियाच्या सोयूझ यानावरूनच बनवलंय, फक्त माणसं ज्या कॅप्सूलमध्ये बसून परत येतात ती काढून तिथे इंधनाच्या टाक्या बसवल्या, म्हणून ते अडीच टनाच्या आसपास माल नेऊ शकतं. आणि लोक खाणं, पाणी, कपडे एवढंच बोलतात पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हे इंधनच आहे. ४०० किमीवरही हवा थोडी असते, तिच्या घर्षणाने स्टेशन हळूहळू खाली येत राहतं, कोणी काही केलं नाही तर एक दिवस पडेलच, म्हणून जोडलेलं प्रोग्रेस स्वतःचं इंजिन चालवून अख्ख्या स्टेशनला वर ढकलतं, शिवाय जोडणीतल्या नळ्यांमधून स्टेशनच्या टाक्याही भरतं. हे १९७८ पासून चालू आहे, पहिलं प्रोग्रेस २० जानेवारी १९७८ ला सुटलं, सॅल्यूत-६ या सोव्हिएत स्टेशनसाठी. त्या स्टेशनला दोन दारं होती, एकीकडे माणसांचं यान आणि दुसरीकडे सामानाचं, तेव्हाच माणसं महिनोन्महिने वर राहायला लागली. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये ज्या सॅल्यूत-७ वर गेले तिथेही हीच यानं माल नेत होती.
काम संपलं की त्यात पॅकिंग, फाटकं सामान, वापरलेले कपडे भरतात (वर कपडे धुवायची सोयच नाही), मग सुटं करून दक्षिण पॅसिफिकवर, जहाजांचे रस्ते नसतात तिथे, वातावरणात सोडतात, तिथे ते जळून जातं. परत आणायचे प्रयोगांचे नमुने वगैरे अमेरिकेच्या ड्रॅगन यानातून येतात, त्याला कवच आणि पॅराशूट दोन्ही आहे.

भिया_विजयनगर
पण काका, आत माणूसच नाही आणि एवढं जड यान स्टेशनवर येतंय, ठोकलं तर?

स्नेहलतागंज_७१
ठोकलंय भिया. २५ जून १९९७, रशियाचं मीर स्टेशन. पण तेव्हा यान आपोआप येत नव्हतं, कमांडर वासिली त्सिब्लियेव मीरमध्ये बसून टीव्हीच्या चित्रावर बघून हाताने आणत होते, त्याचीच चाचणी होती. प्रोग्रेस एम-३४ जास्त वेगात आलं आणि स्पेक्त्र नावाच्या भागावर आदळलं, भोक पडलं, हवा जायला लागली. त्यांचे सोबती लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकल फोल यांनी दारातून गेलेल्या केबली तोडून, सोडवून तो भाग बंद केला म्हणून तिघे वाचले. हा प्रसंग मुलांना जरूर सांगा ताई, दारातून केबल का नेऊ नये ते कायमचं लक्षात राहील.

कक्षाप्रेमी
आणि यान पोचलंच नाही असंही होतं. २८ ऑक्टोबर २०१४ ला अमेरिकेचं सिग्नस हे मालवाहू यान वाया गेलं, २८ एप्रिल २०१५ ला सुटलेलं प्रोग्रेस वाया गेलं, २८ जून २०१५ ला ड्रॅगन. तीन वेगवेगळी यानं, आठ महिन्यांत. वर काही महिन्यांचा साठा राखून ठेवलेला असतो म्हणून निभावलं, मग ५ जुलैला पुढचं प्रोग्रेस पोचलं. एकाच कंपनीवर किंवा एकाच देशावर विसंबायचं नाही ते यासाठी.

रामबाग_इंदूर
खूप आभार दोघांचे, इंधनाचं तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता पुढचा प्रश्न येणारच, भारताचं स्टेशन झालं तर आपलं सामान कोण नेणार?

कक्षाप्रेमी
पहिली अट आपोआप जोडणं, ती इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत १६ जानेवारी २०२५ ला पुरी केली, साधारण २२० किलोचे दोन उपग्रह एकमेकांना जोडले, नंतर एकातून दुसऱ्यात वीजही पाठवली. इंधन एका यानातून दुसऱ्यात भरणं जास्त अवघड आहे, मला खरी उत्सुकता त्याची आहे.