संडे स्कूलमधली नवी मुलं अजून ‘पाहुणे’च आहेत, काय करू?

वरूड तालुक्यातलं आमचं गाव. चर्च म्हणजे टिनाची एक खोली. तिथं रविवारी उपासनेआधी मी संडे स्कूल घेते. तेरा पोरं, पहिली ते सातवी, सगळी एकाच सतरंजीवर.

दिवाळीनंतर मेळघाटातून एक कोरकू कुटुंब संत्रा तोडायला आलं, बागेतच राहतं. धारणीकडच्या ख्रिस्ती मंडळीतले आहेत, म्हणून रविवार चुकवत नाहीत. मुलगी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. दोघं दाराशी, चपलांजवळ बसतात. मागच्या रविवारी मी म्हटलं, सरका रे, त्यांना मधात घ्या. तर आमचा पाचवीतला एक म्हणतो, "टीचर, ते तं पाहुणे आहेत ना. संत्रा संपला का जातीन." मुलीला मराठी बोलता येत नाही फारशी, पण समजतं सगळं. तिनं भावाला आणखी दाराकडं ओढलं.

मला जास्त लागलं ते हे, की तो शब्द पोरांना मीच दिला. पहिल्या रविवारी दोघांना उभं करून "आज आपल्याकडे पाहुणे आलेत" म्हणत टाळ्या वाजवायला लावल्या. पुढच्या रविवारीही तेच. बिस्किटं आधी त्यांना.

येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट सांगून झाली (लूक 19), झाडावर चढायचं नाटकही केलं. "बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या" सगळ्यांना पाठ आहे. धडाधड म्हणतात आणि पसरून बसतात. पाळकांकडे तीन गावं, ते महिन्यातून एकदा येतात. नाताळ तीन आठवड्यांवर आला. कोणती गोष्ट घेऊ? आणि गोष्टीशिवाय काय करू?

पऱ्हाटी: ताई, जक्कय इथं बसत नाही. तो त्याच गावचा, यरीहोचाच, पैसेवाला. तुमची पोरं मजुरीला आलेली. रूथचा 2 रा अध्याय घ्या. रूथ ही परक्या देशातली, मवाबची बाई, बेथलेहेमात सातूच्या हंगामात सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेली कणसं, वेचते. सरवा काय ते आपल्याकडच्या पोरांना आजीच सांगेल. 14 वं वचन हळू वाचा. शेताचा मालक बवाज तिला जेवायला बोलावतो, ती कापणाऱ्यांच्या शेजारी बसते, तो तिला भाजलेलं धान्य देतो. आमच्या वर्गात इथं पोरं ओरडली, "हुरडा!" हीच रूथ पुढं दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तय 1 मध्ये येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. नाताळाला वेगळा धडा शोधायची गरज नाही.

दुसरं, पाहुण्याला आपण काम सांगत नाही, घरच्याला सांगतो. सतरंजी घालायचं त्या मुलीला द्या. पण एकटीला नको, नाहीतर मजुराच्या पोरीला कामाला लावलं असं दिसेल. त्या पाचवीतल्यासोबत जोडीनं द्या.

धागाकर्ती: जोडीचं पटलं. पण तो पोरगा खोटं बोलला नाही हो, ते खरंच जाणार आहेत. त्याला काय सांगू?

पऱ्हाटी: जाऊ द्या, पुढच्या दिवाळीला परत येतील. हजेरीत नावं आहेत का त्यांची?

धागाकर्ती: आत्ता वही काढून पाहिली. तेरा नावं, आणि खाली दर रविवारी माझ्याच अक्षरात ‘पाहुणे 2’.