आजच्या मोटारी एकमेकींसारख्याच का दिसतात?

धागाकर्ता:
परवा रात्री सोसायटीच्या वाहनतळावर मी शेजाऱ्यांची गाडी आपली समजून दोनदा रिमोट दाबला आणि दार उघडेना तेव्हा नंबरप्लेट वाचली. दोन्ही गाड्या पांढऱ्या, उंच, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिव्याची पट्टी असलेल्या. कंपन्या मात्र वेगळ्या. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी अंधारातही नुसत्या आकृतीवरून ओळखू येत असे. तिचे गोल दिवे, पुढच्या दारातली छोटी त्रिकोणी काच, स्टीअरिंगलगतचा गिअरचा दांडा आजही डोळ्यांसमोर आहेत. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून गेली. १९९१ ची टाटा सिएरा तर मागच्या आसनाशेजारच्या खिडकीची काच थेट छतात वळवण्याचे धाडस करून आली होती. असे धाडस आज कोणी करत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
मला हे पटत नाही. पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११०० आणि अॅम्बेसेडर इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. अॅम्बेसेडर तर २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच अंगाने निघत राहिली. रस्त्यावर दोन-तीनच प्रकारच्या गाड्या असतील, तर त्या लांबून ओळखू येणारच. त्यात रचनाकाराचे कौतुक किती आणि ग्राहकापुढे पर्याय नसण्याचा भाग किती, हे वेगळे करून पाहायला हवे. आजही महिंद्राची थार उभी असेल तर कोणाला नाव वाचावे लागत नाही.

प्रतिसाद २:
दोघांनीही कराचा मुद्दा सोडला आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळू लागली आणि त्यानंतर आकार रचनाकाराच्या कागदापेक्षा करआकारणीच्या तक्त्यात जास्त ठरू लागला. २०१२ ची मारुतीची डिझायर पाहा: सवलतीत बसावी म्हणून तिची डिकी अशी छाटली की मागून ती अर्धवट राहिल्यासारखी दिसे. लांबी भरली ३,९९५ मिलिमीटर. ह्युंदाईची व्हेन्यू आणि कियाची सोनेट यांचीही लांबी तितकीच. पादचाऱ्याला धडक बसल्यास बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा राहावी म्हणून नाकही उंच ठेवावे लागते. एवढ्या मर्यादांत बसवलेल्या गाड्या चुलत बहिणींसारख्या दिसल्या तर नवल नाही.

धागाकर्ता:
लांबीचे कारण मान्य, आणि पद्मिनी परकी होती हेही मान्य. पण दिव्याची ती पट्टी कोणत्या कायद्याने लावायला सांगितली आहे? चार मीटरची गाडी कशीही दिसू शकते. सगळ्यांनी एकाच वेळी एकच दिवा निवडला, याचा दोष करावर टाकता येणार नाही. माझा आक्षेप नेमका त्या निवडीला आहे.

प्रतिसाद १:
दिव्याच्या पट्टीबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. सिएराबाबत मात्र नाही. आमच्या घरी जुनी सिएरा होती. तिला मागची दारेच नव्हती, त्यामुळे आईला दर वेळी पुढचे आसन वाकवून, साडी सावरत मागे चढावे लागे आणि ती सुंदर काच उघडत नसल्याने उन्हाळ्यात मागे बसणाऱ्यांचा जीव कासावीस होई. २०२५ मध्ये आलेल्या नव्या सिएराला पाच दारे आहेत. ती जुनीइतकी वेगळी दिसत नसली, तरी आई तिच्यात सहज बसू शकली असती.