सालकांताय: उजाड पण आणि जंगलाचा पण
सालकांताय शिखराचा परिसर उजाड की जंगलाचा, असं कुणी विचारलं तर दोन्ही, आणि तेच मला जाम आवडतं. पेरूतल्या विल्काबांबा डोंगररांगेतलं हे सगळ्यात उंच शिखर, साधारण ६२७० मीटर. मोयेपाता गावाकडून चढताना पिवळं गवत, दगड, बोचरा वारा, पण ४६०० मीटरच्या आसपासची खिंड ओलांडली की ॲमेझॉनकडची दमट हवा लागते आणि उतरता उतरता धुक्यातलं जंगल, शेवाळलेली झाडं, अजून खाली सांता तेरेसा गावाला तर चक्क कॉफीचे मळे! पण पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर ते मार्चमध्ये, प्लीज जाऊ नका. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंगरावरून बर्फ-दगड खालच्या सरोवरात कोसळले आणि लोंढा थेट सांता तेरेसापर्यंत गेला, माणसं गेली हो त्यात.