व्हीएस कोड एडिटरमध्ये पाथ (फाईलचा पत्ता) एडिट करताना कंट्रोल-बॅकस्पेस कसं बदलू?

कोथरूडकर: मंडळी, बस थांब्यांच्या डेटावर काम चालूए, यॅमल फॉरमॅटच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाईलमधे सगळे पाथ असे: डेटा/स्वारगेट-हडपसर/थांबे-नवीन.सीएसव्ही. मला फाईलचं अख्खं नाव उडवायचं असतं पण कंट्रोल-बॅकस्पेस दाबलं की ते टिंबाला थांबतं मग डॅशला थांबतं, डोकं फिरतं राव. एका दणक्यात स्लॅशपर्यंत कसं पुसायचं?

पेठेतला_प्रोग्रामर: शॉर्टकट बदलून काही होणार नाही. सेटिंग्जमधे 'वर्ड सेपरेटर्स' शोध, तिथे जी चिन्हांची माळ दिसेल त्यातून डॅश आणि टिंब काढ, स्लॅश राहू दे. झालं काम. फक्त सगळीकडे लावू नकोस, कारण डबल-क्लिकपण तीच माळ बघतं, मग कोडमधे ऑब्जेक्ट टिंब मेथड असं सगळं एकदम सिलेक्ट होईल आणि मला शिव्या घालशील. यॅमलपुरतंच ओव्हरराइड (वेगळं सेटिंग) टाक, लँग्वेजनुसार चालतं ते.

कोथरूडकर: भारी! यॅमललाच लावलं, पळतंय. टर्मिनलमधे पण असं होईल का?

रात्रपाळी_हिंजवडी: टर्मिनलच्या बॅश शेलमधे कंट्रोल-डब्ल्यू थेट स्पेसपर्यंत खातं, म्हणजे पूर्ण पाथच गायब. बॅशमधलं टायपिंग सांभाळणाऱ्या रीडलाईनमधे 'युनिक्स-फाईलनेम-रबआउट' म्हणून कमांड आहे, ती स्पेस आणि स्लॅश दोन्हीला थांबते. डीफॉल्टला कुठल्याच कीवर नसते, रीडलाईनच्या इनपुटआरसी या सेटिंग्ज फाईलमधे मोकळी की बघून बांध.

विमवाली_ताई: विम एडिटरमधे पाथच्या तुकड्याच्या सुरुवातीला जाऊन सी, टी, स्लॅश. पुढच्या स्लॅशपर्यंत साफ, आणि लगेच नवीन नाव टाईप करायचं. सेटिंग-बिटिंग काही नको 😄