एडिनबरोचं मिशनरी बायकांचं कॉलेज: त्यात पुणं किती?

सांजवात:
फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने १८९४ साली एडिनबरोत मिशनरी बायकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. पुढे तिला सेंट कॉलम्स कॉलेज म्हणू लागले. पहिल्या प्राचार्य अ‍ॅनी स्मॉल, १९१३ पर्यंत. या बाई १८७६ ते १८९२ पुण्यात होत्या, त्यांचे वडीलही इथलेच मिशनरी. एकोणिसाव्या वर्षाच्या आतच कामाला लागल्या आणि तब्येत ढासळली म्हणून परतल्या. मला वाटतं, त्या कॉलेजचा पाया पुण्यातल्या माजघरांत घातला गेला. परक्या बायकांशी कसं बोलायचं, त्यांच्या श्रद्धेकडे कसं बघायचं, हे बाई इथेच शिकल्या. पुढे त्यांनी इस्लाम आणि बौद्ध धर्मावर अभ्यासपुस्तकं लिहिली. आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या कॉलेजला जागा हवी.

पेठकरी:
साफ असहमत. माजघरात पुरुष पाद्र्याला शिरकाव नव्हता म्हणून बायका पाठवल्या. वाचायला शिकवणं हे साधन, बाप्तिस्मा हे ध्येय. परधर्माचा अभ्यासही त्यासाठीच. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, तरी बुद्धीला न पटणारी मतं मान्य करायला नकार दिला म्हणून त्यांना ख्रिस्ती धर्माचे धडे देणाऱ्या इंग्रज जोगीण सिस्टर जेराल्डिनशी खटके उडालेच. शिकवणाऱ्यांना शिष्या हवी होती, बरोबरीची बाई नव्हे.

नदीकाठ:
पेठकरी, हेतूबद्दल तुमचं खरं आहे. पण त्या स्कॉटिश मुलींकडेही बघा. एडिनबरो विद्यापीठाने मुलींना पदवीसाठी प्रवेश दिला तोच १८९२ मध्ये. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बाईला पाळकपदाची दीक्षा मिळायला १९६८ उजाडलं. घरच्या चर्चमध्ये व्यासपीठ बंद आणि परदेशी जायला मात्र रीतसर शिक्षण, हे मला फार अस्वस्थ करतं.

पेठकरी:
त्यांची कोंडी मान्य. पण ती फुटली आपल्या बायकांच्या घरात शिरून. त्याचा हिशेब कोण मांडणार?

सांजवात:
मांडूच, पण दोन्ही बाजूंनी. जोतीराव स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत, शाळा मात्र काढल्या. शिकणारा काय उचलेल हे शिकवणाऱ्याच्या हातात नसतं. आणि देवाणघेवाण उलटीही झाली: अ‍ॅनीबाईंच्या एका पुस्तकाच्या नावातच ‘सुवार्ता’ हा आपला शब्द आहे. ज्या बायकांकडून त्या शिकल्या त्यांची नावं मला हवी आहेत. पुण्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांत कुणाकडे पत्रं, वह्या असतील तर इथे जरूर लिहा.