सापाला माइट्स झालेत, कमी खर्चात उपाय सुचवा

पाणकणीस: माझ्या बॉल पायथनला (पाळीव अजगर) माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, झालेत, आता शंका उरलेली नाही. हल्ली ती सारखी पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसते, आधी कधी बसायची नाही. काल भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके बुडालेले दिसले. भिंगातून पाहिलं तर हनुवटीखालच्या घडीत आणि डोळ्यांच्या कडेलाही तेच, आणि ते हलतात. उंदीर समोर ठेवला तर तोंड फिरवते.
खर्चाचं आधीच सांगते: डॉक्टरांची एक फेरी परवडेल, त्यापलीकडे नवीन काही घेणं सध्या शक्य नाही. पेटी लाकडी आहे. घरात मांजर आहे आणि शेजारच्या पेटीत कासव. हे धरूनच सांगा, प्लीज.

निशाचर: लाकडी पेटी पहिली बाहेर काढा. सांध्यांमध्ये अंडी घालतात, कितीही घासा, निघत नाहीत. मी सरकत्या काचांची पीव्हीसीची पेटी घेतली, तेव्हापासून एक माइट दिसलेला नाही. घेणारच असाल तर मोठीच घ्या, परत परत खर्च नको.

काळीशार: निशाचरना +१. औषध म्हणाल तर फिप्रोनिलचा स्प्रे. थेट सापावर मारायचा नाही. कापडावर घेऊन अंग पुसायचं, डोळे-तोंड सोडून. पाण्याचं भांडं तेवढा वेळ बाहेर. माझा किंग स्नेक यानेच बरा झाला.

वेटोळे: फिप्रोनिलपेक्षा परमेथ्रिन कधीही सरस. रिकाम्या पेटीत फवारा, पूर्ण वाळू द्या, मग साप आत. बरेच दिवस असर राहतो.

रानजाई: अहो, त्यांनी मांजर आहे असं स्पष्ट लिहिलंय! परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकतं. प्रश्न नीट वाचून तरी उत्तर द्या.

वेटोळे: वाळल्यावर काही होत नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे.

रानजाई: तुमच्याकडे मांजर आहे का?

वेटोळे: नाही. प्रश्न सापाचा होता.

धनगरवाट: एवढा खटाटोप कशाला? गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन आणा, थोडं टोचा, काम झालं. आमच्या ओळखीत सगळे हेच करतात.

पशुवैद्य_४: धनगरवाट, कृपया हे कोणी घरी करू नका. ते इंजेक्शन बहुधा १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम. सापांसाठी नेहमी दिला जाणारा डोस किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. १ किलोच्या सापाला होतात फक्त ०.०२ मिलिलीटर. 'थोडं' म्हणजे किती, हे सिरिंजवर हाताने मोजता येत नाही. बॉल पायथनमध्ये या औषधाचे दुष्परिणामही पाहिले गेलेत, त्यामुळे द्यायचं की नाही हे तपासल्यावरच ठरवावं. आणि कासवाला आयव्हरमेक्टिन कधीही, कोणत्याही रूपात नाही. कासव दगावतं. फवारा, हात, भांडी, काहीच एकाकडून दुसऱ्याकडे जाता कामा नये.
आता मुद्द्याचं. माइट फक्त सापावरच राहतो हा गैरसमज आहे. तो रक्त प्यायला सापावर चढतो, अंडी मात्र पेटीच्या फटींत घालतो. उबदार पेटीत अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण दोन-तीन आठवड्यांत होते. एक मादी साठ-ऐंशी अंडी घालते, नर नसला तरी घालते. म्हणून अंग एकदा पुसून संपत नाही. रक्त जाऊन लहान साप अशक्त होतो, आणि एकाचे जंतू दुसऱ्या सापापर्यंत पोहोचवायला हेच माइट्स कारण ठरतात.

सोनसळी: ऑलिव्ह तेल चोळा, माइट गुदमरतात. घरचा उपाय, शून्य खर्च.

काळीशार: तेलाने पेटीतली अंडी मरतात का? नाही. शिवाय पूर्ण साप तेलकट, धरता येत नाही. फिप्रोनिलच घ्या.

मृदगंध: कोणी भक्षक माइट्स वापरत नाही का? स्ट्रॅटिओलेलॅप्स मातीत सोडायचे, ते सापाच्या माइट्सना खातात, सापाला चावत नाहीत. माझ्या झाडांच्या पेटीत कायम असतात. बाकी लोक इथे विषाच्या मागे लागलेत.

निशाचर: कीडनाशक मारलं की तुमचे भक्षकही मरणार. आणि कागद पसरलेल्या पेटीत त्यांना लपायला जागा कुठे?

मृदगंध: म्हणूनच कीडनाशक मारू नका म्हणतोय. अवांतर: नारळाच्या भुशात दिसणारे पिवळट, हळू चालणारे किडे हे सापाचे माइट्स नव्हेत. लोक तेच पाहून घाबरतात.

वेटोळे: त्यांना भांड्यात काळे दिसलेत. प्रश्न वाचा.

तांबूस: कोमट पाण्यात बसवा. माइट बुडतात, पण उरलेले डोक्याकडे चढतात, म्हणून डोकं ओल्या कापडाने वेगळं पुसा. मानेपेक्षा वर पाणी नको, आणि साप एकटा सोडून जाऊ नका.

सोनसळी: पण ऑलिव्ह तेलाला पाणी लागत नाही.

पाणकणीस: सगळ्यांचे आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी अंग तपासलं आणि स्वतःच्या हाताने औषध लावून दिलं. स्प्रे, नवी पेटी, भक्षक माइट्स, यातलं काही घेत नाहीये. तिला झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात हलवलंय, हवेला भोकं, एक लपायची खोकी आणि खाली पेपर टॉवेल. कागद आणि खोकी रोज बदलणार, डबा गरम पाण्याने धुणार, मग डोकं पुसून तिला कोमट पाणी. लाकडी पेटी रिकामी करून दुसऱ्या खोलीत दोन महिने बंद ठेवतेय. डॉक्टर म्हणाले, रक्त न मिळाल्यास एवढ्या काळात आतले संपतात. कासवाची पेटी आधी हाताळते, सापाचं काम सगळ्यात शेवटी.

निशाचर: दोन महिने? पेटी फेकली असतीत तर आजच सुटला असता प्रश्न.

पाणकणीस: पेटी माझ्या आजोबांनी केलीय. ती फेकणार नाही.

पशुवैद्य_४: दोन महिन्यांनी परत ठेवताना आत पांढरा कागद अंथरा, आठवडाभर रोज पाहा. काळं काही दिसलं तर लगेच कळेल. आणि पाण्याचं भांडं रात्री टॉर्चने बघत जा.