सिकंदराच्या बापाने सैन्य नेमकं कसं उभं केलं?

प्रश्न:
सिकंदरावर काहीही वाचायला घ्या, सगळं कौतुक पोराचं आणि बाप एका ओळीत उरकलेला, हे मला फार खटकतं. हा बाप, फिलिप दुसरा, ग्रीसच्या उत्तरेच्या मॅसिडोनियात इ.स.पू. ३५९ मध्ये सत्तेवर आला तेव्हा त्याचा भाऊ राजा पर्डिक्कस शेजारच्या इलिरियन लोकांशी लढताना ४००० माणसांसकट मारला गेला होता, उत्तरेकडून पायोनियन टोळ्या घुसत होत्या, अथेन्स आणि थ्रेसवाले गादीसाठी आपापले दावेदार पुढे करत होते. आणि २१ वर्षांनी हाच माणूस खायरोनियाच्या लढाईत अथेन्स आणि थीब्ज या दोन्ही बलाढ्य ग्रीक शहरांना एकत्र हरवतो. हे नुसत्या लांब भाल्यामुळे झालं का?

प्रतिसाद:
भाल्याला कमी लेखू नका. सारिसा म्हणजे ५ मीटरच्या आसपासचा भाला, दोन्ही हातांनीच पेलायचा, म्हणून ढाल लहान केली आणि गळ्यात अडकवली. पहिल्या पाच रांगांची टोकं पुढे यायची, समोरच्या ग्रीक सैनिकाचा भाला याच्या निम्माच, तो पोचणार कसा? आणि यात जड चिलखत लागत नाही, त्यामुळे ज्यांना महागडं सामान परवडत नव्हतं ते डोंगरातले मेंढपाळ, शेतकरीसुद्धा सैन्यात आले. फक्त खडबडीत जमिनीवर किंवा बाजूने हल्ला झाला की ही फळी लंगडी पडते, म्हणून कडेला घोडदळ हवंच.

प्रतिसाद:
भाला कोणीही बनवेल हो, खरी गोष्ट कवायत! पूर्ण सामानासकट ३०० स्टेडिया, म्हणजे ५० किलोमीटरच्या वर चालवायचा तो सैनिकांना, बैलगाड्या बंद, दहा पायदळांमागे एकच नोकर, तीस दिवसांचं पीठ ज्याचं त्याने पाठीवर. ग्रीक शहरांचे नागरिक बहुतेक उन्हाळ्यात लढायचे आणि घरी जायचे, याला उन्हाळा हिवाळा सारखाच, त्याचा विरोधक वक्ता डेमॉस्थेनिसने अथेन्समध्ये हेच ओरडून सांगितलं. शिवाय तो तरुणपणी थीब्जमध्ये ओलीस होता, तिथला नामांकित सेनापती एपामिनोंडासच्या काळात. ल्युक्ट्राच्या लढाईत स्पार्टाची जिरवणारं सैन्य त्याने तिथे जवळून बघितलं, ते शिक्षण फुकट गेलं नाही.

प्रतिसाद:
वरचं दोन्ही पटलं, पण हे सगळं करायला वेळ कुठून आला ते बघा ना. आधी पायोनियन आणि थ्रेसवाल्यांना पैसे चारले, अथेन्सला शांत करायला, त्यांना हवं असलेल्या अँफिपोलिस शहरातली शिबंदी काढून घेतली, आणि सैन्य तयार झाल्यावर ३५८ मध्ये १०,००० पायदळ आणि ६०० घोडेस्वार घेऊन इलिरियन राजा बार्डिलिसला चिरडलं. दुसऱ्याच वर्षी अँफिपोलिस घेतलं, मग क्रेनिडेस हे गाव घेऊन त्याचं फिलिपी केलं, तिथल्या खाणींतून वर्षाला १००० टॅलेंट (ग्रीकांचं वजनाचं आणि पैशाचं मोठं माप) इतकं उत्पन्न यायला लागलं असं प्राचीन इतिहासकार डायोडोरस सांगतो. बारमाही सैन्याचा पगार त्याशिवाय निघाला नसता. बरं, तो हरलाच नाही असंही नाही, ३५३ मध्ये फोकिस या ग्रीक राज्याचा सेनापती ओनोमार्कसने त्याला दोनदा हरवलं, सैनिक बंडाच्या बेतात होते, तरी पुढच्याच वर्षी त्याच शत्रूला संपवलं. मला तो सगळ्यात मोठा इथे वाटतो.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे, पैशाचा भाग मी अजिबात धरला नव्हता. आता कळतंय, ३३६ मध्ये एगाई या जुन्या राजधानीत फिलिपचा खून झाला तेव्हा त्याचा सेनापती पार्मेनियन त्याच्या हुकमाने फौज घेऊन आशियात उतरलेलाही होता.